तपासमामांची फी

खासगी गुप्तहेर लावायला किती पैसे पडतात, हा प्रश्न वाळूज एमआयडीसीतल्या बजाजनगरात कुणी उघड विचारत नाही. विचारायची वेळच येत नाही, कारण तिथे तपासमामा आहेत. प्रत्येक गल्लीत त्यांचं नाव वेगळं, पण घाट एकच. वय पन्नाशीच्या पुढे, कंपनीतून निवृत्त किंवा व्हीआरएस घेतलेले, खिशात दोन पेनं आणि दोन्ही बंद. सकाळी जय भवानी चौकातली टपरी, संध्याकाळी मोहटादेवीच्या मंदिराबाहेरचा कट्टा, मधल्या वेळात किराणा दुकानासमोरची खुर्ची. 'मामा' हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. मुलीला बोहल्यावर आणतो तो मामा, चौकात शिट्टी वाजवतो तोही मामा, आणि जो फसतो त्याचाही 'मामा' होतो. तपासमामांच्या अंगी पहिले दोन मामा एकत्र नांदतात. तिसरा कोण होतो, हा या लेखाचा विषय.

हे व्यक्तिमत्त्व बजाजनगराच्याच मातीत का उगवलं, याला कारण आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागून सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले, आणि बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाणा, नगरकडची माणसं इथे येऊन राहिली. गावात सोयरीक जुळवायची तर गुप्तहेर लागत नसे. पाव्हणे कोणते, एवढं विचारलं की चार पिढ्या समोर उभ्या राहत. इथे भिंतीला भिंत लागून असलेल्या रो-हाउसात एकीकडे बीडचं घर, दुसरीकडे बुलढाण्याचं, वरच्या खोलीत हिंगोलीची तीन पोरं भाड्याने. त्यात एक फर्स्ट शिफ्टला, दुसरा सेकंडला. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो तो मोटारसायकलच्या आवाजावरून. अशा वस्तीत मुलाचा बायोडाटा येतो. त्यात 'नामांकित कंपनीत नोकरी, स्वतःचं घर, निर्व्यसनी' असं लिहिलेलं असतं आणि ते तपासायला हाताशी कुणी नसतं. बायोडाटा आणि वस्तुस्थिती यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, तिथे मामांनी खुर्ची टाकली आहे.

आणि मामांचे प्रश्न नेमके असतात, हे कबूल केलं पाहिजे. मुलगा पर्मनंट की कॉन्ट्रॅक्टवर, हा पहिला. पगार सांगितला तो ओव्हरटाइम धरून की सोडून, हा दुसरा. कंपनीच्या बसने जातो की ठेकेदाराच्या गाडीने, हा तिसरा, आणि त्याच्या उत्तरावरून पहिल्याचं उत्तर पडताळता येतं. घर स्वतःचं म्हणजे एमआयडीसीच्या भूखंडावरचं की पलीकडे रांजणगाव-जोगेश्वरीकडे गुंठ्यावर घेतलेलं, हा चौथा. (एमआयडीसी भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, त्यामुळे 'स्वतःचं' या शब्दालाही मुदत असते, पण एवढ्या खोलात मामा जात नाहीत.) हे चार प्रश्न मुंबई-पुण्याच्या गुप्तहेराला सुचायला दोन दिवस लागतील. मामांची बुद्धी कमी पडत नाही. अडचण त्यांच्या दरात आहे, आणि त्यांचा दर शून्य आहे.

गुप्तहेर संस्थेचा दर छापील नसतो. पहिल्या फोनवर ते दर सांगत नाहीत, उलट तुमचीच माहिती विचारतात. इथपर्यंत त्यांच्यात आणि मामांत फरक नाही. पुढे आकडा निघतो. लग्नाआधीची साधी चौकशी काही हजारांत होते. पाळत ठेवायची असेल तर दिवसाच्या हिशेबाने मीटर पडतं आणि मामला लाखाच्या पुढे जाऊ शकतो. वर १८ टक्के जीएसटी, आणि बरीचशी रक्कम आगाऊ. एवढे पैसे कशाचे, तर एका माणसाच्या मागे एकटा माणूस लावून चालत नाही. सिग्नलला चुकला की दिवस वाया गेला, आणि तोच चेहरा तीनदा दिसला की काम संपलं. म्हणून दोन माणसं, दोन गाड्या, पेट्रोल, लॉजचं भाडं, फोटो, आणि शेवटी तारीख-वेळ-ठिकाण लिहिलेला अहवाल. जगभर हा धंदा असाच चालतो. रेमंड चँडलरचा फिलिप मार्लो १९३९ च्या कादंबरीत दिवसाला २५ डॉलर आणि वर खर्च घेतो. शेरलॉक होम्सला बोहेमियाच्या राजाने ३०० पौंड सोन्यात आणि ७०० पौंड नोटांत दिले होते, तेही केवळ खर्चापोटी. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचून वाढलेल्या पिढीला झुंजार आणि धनंजयचे पराक्रम आठवतात, त्यांचं बिल आठवत नाही. गुप्तहेरी फुकटात होते, ही समजूत तिथूनच आली असावी.

कौटिल्याची अशी समजूत नव्हती. अर्थशास्त्रात पगारांची जी यादी आहे तिच्यात कापटिक, उदास्थित, गृहस्थाच्या, व्यापाऱ्याच्या आणि तापसाच्या वेषातले हेर यांना १००० पण, सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी या प्रकारच्या हेरांना ५०० पण, आणि हेरांच्या निरोप्यांना २५० पण लावून दिले आहेत. भिक्षापात्र घेऊन हिंडणाऱ्या बाईलाही त्याने पगारावर ठेवलं, कारण ती फुकट काम करू लागली तर कुणाकुणासाठी करेल याचा नेम नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: गुप्तहेराला आपण जे पैसे देतो ते माहिती शोधण्याचे कमी आणि तोंड बंद ठेवण्याचे जास्त असतात. मामा पैसे घेत नाहीत, म्हणून तोंड बंद ठेवायला बांधलेलेही नाहीत. त्यांना मोबदला मिळतो तो सांगण्याच्या हक्काच्या रूपाने, आणि तो ते पै-पै वसूल करतात.

वसुली कशी होते ते पाहा. मुलाची चौकशी करायला गेलेल्या बापाला मामा आधी बसवून घेतात. मुलगी कितवी शिकली, वय काय, आधी किती स्थळं आली, त्यातली दोन का फिसकटली, मोठीचं सासरी कसं चाललंय. मुलाबद्दल एक ओळ हाती येते तोवर मुलीबद्दल पानभर निघून गेलेलं असतं. आठ दिवसांत मुलाचा अहवाल मुलीकडे, मुलीचा अहवाल मुलाकडे आणि दोन्हींची प्रत चौकात पोचते. मग चहाचा हिशेब. गुप्तहेराचं बिल एकदा फेडलं की संबंध संपतो. मामांचा संपत नाही. दिवसाला दहा-दहा रुपयांचे दोन चहा धरले तरी वर्षाला ७,३०० आणि पाच वर्षांत ३६,५०० रुपये होतात. साध्या चौकशीचा खर्च इथेच निघाला, जीएसटीसकट म्हणा. त्यावर साखरपुड्याला टॉवेल-टोपी, पहिल्या पंगतीतलं पान, आणि मामांच्या भाच्याला कंपनीत 'कुठंतरी चिकटवून' देण्याची न फिटणारी जबाबदारी.

यावर पहिला आक्षेप येतो की मामांची माहिती डोळ्यांनी पाहिलेली, म्हणून खरी असते. काही वेळा असतेच. थर्ड शिफ्ट सुटल्यावर मुलगा थेट घरी येतो की ओअॅसिस चौकाला वळसा घालून येतो, हे मामांइतकं कुणाला ठाऊक नसतं. पण खातरी करायला बाप किराणा दुकानात जातो, मग कटिंगच्या दुकानात, मग दूधवाल्याकडे. तिघे एकच गोष्ट सांगतात आणि बापाची खातरी पटते. तिघांनाही ती मामांनीच सांगितलेली असते, हे मात्र त्याला कळत नाही. कौटिल्यानेही तीन हेरांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवा असं सांगितलं, पण त्याआधी त्यांना एकमेकांची ओळख असता कामा नये अशी अटही घातली. बजाजनगरात ही अट पाळणं अशक्य आहे. शिवाय मामांच्या अहवालाची भाषा बघा. 'मुलगा चांगला आहे... पण तुम्ही बघा.' या 'पण'ला तारीख नाही, वेळ नाही, ठिकाण नाही. खोटा पाडायचा तर कशाला खोटं पाडणार? चांगली जमलेली स्थळं या एका अव्ययावर मोडतात, आणि मामा म्हणतात, मी कुठं काय बोललो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ठेकेदारीवर राबणाऱ्याने गुप्तहेराचे पैसे आणायचे कुठून? हे खरंच आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. तरी दोन गोष्टी सांगता येतात. मंगल कार्यालय, मंडप आणि डीजे यांच्या खर्चात जे घर हात आखडत नाही, तेच घर चौकशीच्या वेळी काटकसर करतं. आणि मामा ज्याला गुपित म्हणून विकतात त्यातलं बरंच काही सरकारी दप्तरात उघडं पडलेलं असतं. जमिनीचा सातबारा महाभूलेखवर दिसतो. कोर्टात खटला चालू असेल तर ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो. शेतीवर नाव आहे का आणि कोर्टात पहिल्या लग्नाचं प्रकरण पडून आहे का, या दोन चिंता घरातली कॉलेजला जाणारी पोरगी अर्ध्या तासात मिटवू शकते. तिला विचारलं जात नाही, ही गोष्ट वेगळी.

तिसरा आक्षेप असा की गुप्तहेर तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत. नाहीतच. कारखान्याच्या गेटवर रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो, पण घराघरांत डोकावणाऱ्या गुप्तहेर संस्थांसाठी २००७ साली राज्यसभेत मांडलेलं विधेयक कायदा होऊ शकलं नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात काही खासगी गुप्तहेरांना अटकही केली. मुद्दा असा की, त्यांना अटक करता आली. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत खोट निघाली तर पावती घेऊन ग्राहक आयोगात जाता येतं. फुकट मिळालेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. मामांविरुद्ध दाद कुठे मागणार? उद्या प्रकरण पोलीस ठाण्यात गेलंच, तर मामांचं ठरलेलं वाक्य तयार असतं: 'मला यात ओढू नका.' सगळ्या वस्तीला यात ओढल्यानंतर हे वाक्य येतं, हे विशेष.

मामा नसते तर दोन-चार फसवणुकीची लग्नं जास्त झाली असती, हेही मान्य. ठेकेदाराकडच्या पोराने मित्राचा पर्मनंटचा शर्ट घालून फोटो काढला, तर तो मापावरून ओळखणारे मामाच असतात. ही कला वाया जाऊ नये असं वाटत असेल तर उपाय सरळ आहे. मामांना कामाला लावायचं, काय हवंय ते कागदावर लिहून द्यायचं, ही गोष्ट तिसऱ्याला सांगायची नाही असं त्याखाली लिहून सही घ्यायची, आणि पाकिटात घालून रीतसर पाच हजार रुपये पुढे करायचे. मामा कागद वाचतात, सहीच्या जागेपाशी थांबतात, आणि पाकीट परत करतात. चहा मात्र घेतात.