दोन दिवसांत गुण आला? मग गोळीचं नाव विचारा

स्ट्रॉबेरी ऊन चढायच्या आत तोडावी लागते. हंगामात भिलार-पाचगणीच्या पट्ट्यात उजाडताच बायका वाफ्यांत वाकलेल्या दिसतात. फळाला हात लावायचा नाही, देठ अंगठ्याच्या आणि बोटाच्या नखात धरून खुडायचा. फळ दबलं की माल गेला. आमवाताची खोड अशी, की तो नेमका याच वेळी आणि याच सांध्यांना धरतो. बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, आणि तीही दोन्ही हातांची. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. ऊन वर आलं की हात सैल होतात, पण तोवर तोडणी उरकलेली असते आणि खाडा पडलेला असतो.

अशा बाईला कुणीतरी कागदाच्या पुडीत बांधलेल्या बारक्या गोळ्या देतं. त्यांवर नाव नाही, चिठ्ठी नाही. तिसऱ्या दिवशी मूठ वळते, आणि ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ ही कीर्ती वाडीभर होते. गुण हाताचा नाही, गोळीचा आहे. साध्या वेदनाशामकाने ठणका कमी होतो. पण सूज, आखड आणि अंगातली मरगळ दोन-तीन दिवसांत एकदम पळाली, तर पुडीत बहुधा स्टिरॉइड आहे. पुडीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. पर्यायी औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं, हे आपल्या देशात प्रयोगशाळेत तपासून २००० सालीच छापून आलेलं आहे. ही आयुर्वेदाचीही फसवणूक आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्टिरॉइड हे विष नाही. माणसावर त्याचा गाजलेला पहिला वापर झाला तोच मुळी आमवातासाठी. कावीळ झाली किंवा दिवस गेले की आमवाताच्या रुग्णांचं दुखणं ओसरतं, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी टिपून ठेवलं होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी २९ वर्षांच्या, जवळपास अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिझोन हे स्टिरॉइड टोचलं. आठवड्याभरात त्या बाई खरेदीला बाहेर पडल्या. १९५० साली हेंच यांना केंडल आणि राइकश्टाइन या संशोधकांसोबत नोबेल मिळालं. पण त्याच सुमारास दुसरी बाजूही डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आली होती. रुग्णांचे चेहरे गोल होत होते, काहींचं मन ताळ्यावर राहत नव्हतं आणि औषध थांबवलं की दुखणं दामदुपटीने परतत होतं. हेंच स्वतःही कॉर्टिझोनने रोग बरा होतो असं म्हणायला तयार नव्हते. पाऊणशे वर्षांपूर्वी जे कळलं, ते आज पुडी बांधणाऱ्याला ठाऊक नाही असं मी मानणार नाही.

आमच्याकडे तर दुष्परिणामांचंही कौतुक होतं. ‘तोंड भरलं’, ‘अंगावर मांस आलं’, ‘बाई सुधारली’. जरा नीट बघा. गाल फुगलेत, मानेमागे चरबीचा उंचवटा आलाय, पोट सुटलंय. पण दंड-मांड्या वाळल्यात आणि खुर्चीवरून उठताना हाताचा टेकू लागतोय. बांगडी जरा जोरात घासली तरी कातडीखाली काळं-निळं होतंय. याला सुधारणं म्हणत नाहीत. आत साखर वाढते, रक्तदाब वाढतो, डोळ्यांत लवकर मोतीबिंदू धरतो. हाडं ठिसूळ होतात, आणि ती झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सगळ्यांत वेगाने होते. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटतो. मग ज्या सांध्याला आमवात झालाच नव्हता, तो बदलायची वेळ येते.

आणि क्षय. पाचगणीला हे वेगळं सांगायला नको. बेल-एअर आरोग्यधाम १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठीच उभं केलं. आपल्यातल्या अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निपचित पडलेले असतात. प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. स्टिरॉइड हीच शक्ती ढिली करतं. वर तापही दबून राहतो, त्यामुळे रोग आत पसरतो आणि रुग्ण ‘बरा’ दिसत राहतो. २०२१ ची काळी बुरशी महाराष्ट्र विसरलेला नसावा. ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचा जीव डेक्सामेथासोनने वाचतो, हे २०२० मध्ये सिद्ध झालं होतं. तेच औषध गरज नसताना, जास्त डोसात आणि साखर न तपासता दिलं गेलं, तेव्हा त्या बुरशीला रान मोकळं मिळालं. कित्येकांचे डोळे गेले, जबडे गेले.

मग खरा उपचार कोणता? तो जुना आहे, स्वस्त आहे आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे: मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. एकदाच म्हणजे एकदाच. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. हे औषध सांध्याची नासाडी रोखतं, पण त्याला गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या आठवड्यांत रुग्णाने तळमळत बसू नये म्हणून डॉक्टर थोडं स्टिरॉइड देतात, हळूहळू उतरवतात आणि बंद करतात. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारसही हीच आहे: द्यायचंच तर थोडा काळ, आणि जमेल तितक्या लवकर थांबवायचं. काही रुग्णांना छोटा डोस जास्त काळ लागतो, पण तो डोळे, हाडं आणि साखर यांवर नजर ठेवून. पुडीवाल्याच्या उपचारात फक्त पहिला अर्धा भाग असतो. गुण येतो, थांबण्याची तारीख येत नाही. सांधा आतून झिजत राहतो आणि बाई तोडणीला जात राहते.

‘डोंगरातली हवाच वाईट, धुक्याने संधिवात होतो, त्याला कोण काय करणार’ हे पालुपदही सोडून द्यावं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ओल हाडांपर्यंत जाते, दुखणाऱ्याला जास्त दुखतं, हे खरं. पण आमवात ओलीने होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते म्हणून होतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना आमवात निघाला. भिगवण पर्जन्यछायेतलं, कोरडं ठणठणीत गाव. तिथे कुठलं धुकं?

हाच हिशेब धरला तर तीन हजार प्रौढांच्या गावात पंधरा रुग्ण, त्यात बहुतेक बाया. संधिवाततज्ज्ञ गाठायचा तर पसरणीचा नाहीतर केळघरचा घाट उतरून सातारा, कराड, मिरज किंवा पुणे. दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, घरचे ‘एवढ्याशा दुखण्यासाठी?’ विचारतात. म्हणून ती पुडी घेते. तिला दोष देणारे आधी तिच्या जागी वाफ्यात वाकून पाहोत. दोष आहे तो नाव न सांगता गोळी देणाऱ्याचा, चिठ्ठीवाचून ती विकणाऱ्याचा, आणि महिन्यातून एक दिवससुद्धा संधिवाताचा दवाखाना डोंगरावर न आणणाऱ्या आरोग्य खात्याचा. ब्रिटनमध्ये स्टिरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्याला जवळ बाळगायला कार्ड देतात. अपघात झाला, शस्त्रक्रियेची वेळ आली तर समोरच्या डॉक्टरला कळावं म्हणून. आपल्याकडे एका ओळीची मराठी चिठ्ठी तरी द्या.

आता वाचणाऱ्याला एक कळकळीची विनंती. हे वाचून घरातली गोळी उद्या सकाळी फेकून देऊ नका. काही आठवडे स्टिरॉइड बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. एकदम बंद केलं तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. आधी पाकीट मागा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट यांपैकी काही लिहिलंय का बघा. असेल तर पाकीट घेऊन शिकलेल्या डॉक्टरकडे जा आणि ती कशी उतरवायची, कधी थांबवायची, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. पाकीट द्यायलाच कुणी तयार नसेल तर त्याच्याकडून पुढची पुडी घेऊ नका. पण हातातल्या पुड्या संपायच्या आत, त्या सोबत घेऊन, सरकारी दवाखाना गाठा.