जगबुडेकाका

प्रत्येक सोसायटीत एक जण पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारा असतो, एक कुठल्याही दुखण्यावर काढा सांगणारा असतो आणि एक जगाच्या अंताची तारीख सांगणारा असतो. पहिल्या दोघांशी आपण गरजेपुरतं गोड बोलतो. तिसरा दिसला की लिफ्ट सोडून जिना धरतो. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत हे तिसरं खातं जगबुडेकाकांकडे आहे. त्यांचं खरं आडनाव चांगलं सात्त्विक आहे आणि दारावरच्या पाटीवर ते पितळी अक्षरांत आहेही, पण पोस्टमन सोडला तर ते कोणी वापरत नाही.

काका एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि कागद आत पाठवला. आत त्याचं पुढे काय झालं हे त्यांना कधी कळलं नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. बाहेरून काही येईनाच. विजेचं बिलसुद्धा मोबाइलवर यायला लागलं. तेव्हा काकांनी आकाशाची आवक हाती घेतली.

त्यासाठी त्यांच्याकडे एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही आहे. कचेरीतून निघताना निरोपाच्या नारळाबरोबर ती घरी आली असावी. अनुक्रमांक, आल्याची तारीख, कोणाकडून, विषय, शेरा असे रकाने पट्टीने आखलेले. पहिली नोंद हॅलेच्या धूमकेतूची: ‘मे 1910. विषय: शेपटीतून विषारी वायू. शेरा: आजोबा वाचले.’ नोंद त्रोटक असली तरी खोटी नाही. त्या वर्षी 18-19 मेच्या सुमारास पृथ्वी हॅलेच्या शेपटीतून जाणार होती. शेपटीत सायनोजेन आहे हे शास्त्रज्ञांना आधीच दिसलं होतं आणि त्याने सगळी जीवसृष्टी गुदमरेल असं फ्लामारियाँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर छापून आलं होतं. अमेरिकेत लोकांनी कुलपांच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले. धूमकेतूवर उतारा म्हणून गोळ्याही विकल्या गेल्या. प्रत्यक्षात शेपटी इतकी विरळ की कोणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. काकांना हळहळ वाटते ती आपण त्या वेळी नव्हतो याची.

त्यांचा स्वतःचा पहिला प्रलय 1962 चा. फेब्रुवारीच्या 3 ते 5 तारखांना मकर राशीत अष्टग्रही होती. सूर्य, चंद्र आणि केतू धरून आठ. जग संपणार म्हणून देशभर होमहवनं चालली होती. काका तेव्हा दुसरीत. सोमवारी, म्हणजे पाच तारखेला, पाढ्यांची वही तपासली जाणार होती आणि जगच राहणार नाही या भरवशावर काकांनी तिला हात लावला नव्हता. जग संपलं नाही. पण त्या गडबडीत मास्तरांनी वह्या तपासल्याच नाहीत! माझ्या मते काकांची सगळी जडणघडण त्या सोमवारी झाली. अंत जवळ आला की हातातली कामं आपोआप पुढे ढकलली जातात, हा शोध त्यांना सातव्या-आठव्या वर्षी लागला. आजही गच्चीच्या गळतीची वर्गणी मागायला गेलं की ते चष्मा वर करून विचारतात, “कशाला? किती वर्षं टिकवायची आहे गच्ची?”

1979 च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब पडली. सत्त्याहत्तर टनांची ती प्रयोगशाळा नेमकी कुठे पडेल हे कोणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं आणि आपल्याकडेही चांगलीच घबराट होती. पडली ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. तिथल्या एस्परन्स गावच्या पालिकेने नासाला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलरचा दंड ठोठावला. नासाने भरला नाही. तीस वर्षांनी एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो चुकता केला. ही गोष्ट काका दर वार्षिक सभेत सांगतात, कारण वरून केसांचे गुंते टाकणाऱ्या 402 नंबरवाल्यांचा विषय दर वार्षिक सभेत निघतो. “नासाला दंड होऊ शकतो,” काका गरजतात, “मग 402 ला का नाही?” यावर 402 वाले म्हणतात, आम्हीही तीस वर्षांनी भरू.

1994 ला शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले. काही डाग तर पृथ्वीएवढे मोठे पडले. काकांच्या वहीत शेरा आहे: ‘गुरूने अंगावर घेतलं.’ त्याखाली काकूंच्या अक्षरात, बारीक पेन्सिलीने, ‘गुरुवार मी करते’.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्या नसत्या तर काकांचा प्रलय केव्हाच येऊन गेला असता. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक मोठा पत्र्याचा डबा आहे. त्याला ‘आपत्कालीन’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. आत पोहे, गूळ, शेंगदाणे, मेणबत्त्या, काडेपेट्या, पार्ले-जीचे पुडे आणि चहाची पावडर. काका दर महिन्याला सामान भरतात आणि काकू दर रविवारी त्यातले पोहे काढून कांदेपोहे करतात. पाहुणे आले की प्रलयाची चहापावडरही निघते. गणपतीत वीज गेली तेव्हा मेणबत्त्या कामाला आल्या. अवघ्या मानवजातीसाठी केलेली ही तरतूद आजवर मुख्यतः काकूंच्या माहेरच्यांनी संपवली. काकांनी एकदा ठणकावून सांगितलं की आकाशातून तो येईल तेव्हा खायला काही नसेल. काकू शांतपणे म्हणाल्या, “येऊ दे. चपला बाहेर काढायला सांगा.”

धूमकेतू आणि लघुग्रह यांत काका भेद करत नाहीत. एक बर्फ-धुळीचा, शेपटीवाला. दुसरा दगडाचा, बिनशेपटीचा. हे त्यांना माहीत आहे. पण आवक कारकुनाला लखोट्याच्या रंगाशी काय करायचंय? त्याला तारीख हवी. ती मिळाली 2025 च्या जानेवारीत.

चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने 27 डिसेंबर 2024 ला एक लघुग्रह टिपला होता. 2024 वायआर 4 असं नाव, आकार चाळीस ते नव्वद मीटर. तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता होती आणि आदळलाच तर 22 डिसेंबर 2032 ला, आपल्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. ज्या पट्ट्यात तो पडू शकतो तो पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र करत थेट आपल्यापर्यंत येत होता. मुंबईचं नावही बातम्यांत आलं. काकांची उंची त्या आठवड्यात दोन इंचांनी वाढल्यासारखी वाटली. जन्मभर बाहेरून आलेले कागद साहेबांच्या नावचे असत. हा पहिल्यांदाच त्यांच्या नावावर आला होता.

आकडा आधी एक टक्का होता, मग दोन झाला आणि 18 फेब्रुवारीला 3.1 वर गेला. इतक्या आकाराच्या वस्तूसाठी एवढा मोठा आकडा त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. 3.1 टक्के व्याज देणाऱ्या बँकेची पायरी काका चढणार नाहीत. पण इथे त्याच 3.1 वर त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काळ्या चौकटीत सूचना टाकली, खाली ‘आपला विश्वासू’ लिहून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुनर्विकासाची सभा होती. बिल्डरचा माणूस आणि वकील आले होते. नकाशा भिंतीवर, वेफर्स बश्यांत. कार्पेट, कॉर्पस, भाडं, ताबा असं सगळं यथासांग झालं आणि काका उभे राहिले.

“बांधकाम चालू असताना वरून काही पडलं, तर आमचं भाडं चालू राहणार का?”

“वरून म्हणजे? क्रेनवरून?”

“अवकाशातून.”

वकील तरुण होता. त्याने प्रामाणिकपणे मसुदा चाळला आणि म्हणाला, “ते नैसर्गिक आपत्तीच्या कलमात येतं. त्या काळात भाडं देणं बंधनकारक नाही.”

काका सभेकडे वळले. “बघा! म्हणजे यांना आधीपासून माहीत होतं.”

पाऊण तास गोंधळ चालला. हो-ना करता करता असं ठरलं की काकांना बारावा मजला नको, कारण तिथे आधी लागेल. त्यांना तिसरा द्यावा आणि खालच्या मजल्यावर उजेड कमी म्हणून वीस चौरस फूट वाढवून द्यावेत. जगाच्या अंताच्या बोलीवर वीस फूट जास्तीचे मिळवणारा दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही. घरी गेल्यावर कळलं, सभा रंगात आली होती त्याच सुमारास तिकडे आकडा घसरायला लागला होता. 1.5, मग 0.28, आणि 24 फेब्रुवारीला 0.004.

काकांचा चेहरा पाहवत नव्हता. मुंबई वाचल्याचं एवढं दुःख मी कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. “आधी चढवायचा आणि मग पाडायचा, हा शेअर बाजार आहे का?” ते विचारत होते. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीने त्यांना समजावलं. “काका, आपली पार्किंगची सोडत आठवा. चाळीस चिठ्ठ्या होत्या तेव्हा तुमची शक्यता चाळिसात एक. तीस चिठ्ठ्या बाद झाल्या तेव्हा दहात एक. तुम्ही पेढे आणायला माणूस पाठवलात. आणि नाव कोणाचं निघालं?” लघुग्रह 2032 ला कुठे असेल याची जागा सुरुवातीला अफाट असते. निरीक्षणं वाढतात तशी ती आकसते. पृथ्वी अजून तिच्या आत असेल तोवर टक्का वाढत जातो आणि ती बाहेर पडली की एकदम कोसळतो. काकांना ते तत्काळ पटलं, कारण सोडतीत नाव 402 वाल्यांचं निघालं होतं.

या माणसांना आपण भित्रे समजतो. काका भित्रे नाहीत. पाच वर्षांची मुदत ठेव त्यांनी त्याच मार्चमध्ये नव्याने काढली, ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून. लोणारला सहल गेली तेव्हा सगळे कठड्यापाशी गप्प झाले होते. समोर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद विवर, तळाशी हिरवट खारं पाणी, आणि हे सगळं एका दगडाने काळ्या बसाल्टात केलेलं. काका गाइडकडे गेले आणि विचारलं, “किती वाजता पडला?” भीती वाटणारा माणूस असं विचारत नाही. त्यांचा राग वेगळाच आहे. पाणी न सांगता जातं, लोकल न सांगता रद्द होते, मुलगा न विचारता जर्मनीत स्थायिक होतो. आठ वर्षं आधी, तारीख आणि वेळ कळवून यायला निघालेला हा 2032 चा एकच निघाला. त्याच्या स्वागताला काकांनी उभं राहू नये तर कोणी राहावं?

2025 संपता संपता थ्री-आय अ‍ॅटलास हा सूर्यमालेबाहेरून आलेला धूमकेतू गाजला. ते परग्रहवासीयांचं यान आहे अशी हूलही उठली. 19 डिसेंबरला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता, म्हणजे सुमारे 27 कोटी किलोमीटरवर. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले. काकू कपडे वाळत घालत होत्या. “तुमचे भाऊ पेणला राहतात,” त्या म्हणाल्या, “त्यांना सहा वर्षांत येणं जमलं नाही. आणि हा 27 कोटींवरून तुमच्याकडे येणार?” वहीत त्या दिवशीचा शेरा आहे: ‘परस्पर गेला.’

सध्या काकांचं लक्ष अपोफिसवर आहे. हा लघुग्रह तीनशे मीटरहून मोठा आहे. 2004 च्या डिसेंबरात त्याची शक्यता 2.7 टक्क्यांपर्यंत गेली होती; पुढे ती शून्य झाली. पण 13 एप्रिल 2029 ला तो पृथ्वीपासून फक्त 32 हजार किलोमीटरवरून जाईल, काही उपग्रहांच्याही आतून, आणि युरोप-आफ्रिकेतून नुसत्या डोळ्यांना दिसेल. मुलगा गेली कित्येक वर्षं जर्मनीला या म्हणून मागे लागला होता. काका म्हणायचे, जग कधी संपेल याचा नेम नाही, एवढा तिकिटाचा खर्च कशाला? आता त्यांनी स्वतःच फोन करून कळवलं आहे: “एप्रिल 2029. आम्ही दोघं येतोय.” काकूंनी त्याच दिवशी थालीपिठाची भाजणी किती न्यायची ते ठरवलं. दोघांचे पासपोर्टही नवीन होऊन आले आहेत. मुदत 2036 पर्यंत आहे.