दिगूकाकांची कादंबरी

सदाशिव पेठेत ऐतिहासिक कादंबरी लिहून पूर्ण केलेला पेन्शनर शोधावा लागेल. लिहायला घेतलेले मात्र जिन्याजिन्यावर भेटतात. दिगूकाका त्यातले. त्यांची कादंबरी कुमारवयीन मुलांसाठी आहे, रहस्यमय आहे आणि प्रकाशकाच्या आग्रहाखातर तिच्यात ‘थोडंसं प्रेम’ही आहे. म्हणजे यायचं आहे.

काळ १७७३चा, जागा शनिवारवाडा. ३० ऑगस्टला, ऐन गणपतीत, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. प्रकाशक म्हणाला, “पात्रं तरुण हवीत.” काका उसळलेच. “अहो, खुद्द पेशवा अठरा वर्षांचा होता! आणखी किती तरुण हवाय?” पण खून कोणी केला हे शेंबड्या पोरालाही पाठ, मग रहस्य कसलं? काकांनी तोड काढली: ‘ध’चा ‘मा’ केलेला तो कागद पुढे गेला कुठे? आता, हा कागद आख्यायिकेतला आहे हे काकांनी पहिल्याच पानावर तळटीप देऊन सांगून टाकलंय. स्वतःच्या रहस्याला स्वतःच सुरुंग लावणारा असा लेखक दुसरा नसेल.

काकांना खोटं लिहवत नाही, सगळं घोडं तिथेच अडतं. नायिका गुलमोहराखाली उभी होती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. तोडला, त्या जागी बकुळ लावली. तळघरात नायिकेने काडी ओढली. काडेपेटी खुद्द इंग्लंडात विकायला आली १८२७ साली. मग चकमक आली. ती पेटायला किती वेळ लागतो, हे पाहायला काका गारगोटी, पोलादाची पट्टी आणि कापूस घेऊन गॅलरीत बसले. तासभर ठिणग्या उडाल्या, अंगठ्याचं साल निघालं आणि अखेर पेटल्या त्या काकूंनी श्रावणासाठी वळून ठेवलेल्या वाती. त्यावर काकू जे बोलल्या ते कुमारवाङ्मयात बसत नाही. काकांनी मात्र रात्री इमानदारीने लिहिलं की नायिकेला दिवा लावायला एक तास लागला. तोवर खलनायक वाड्याबाहेर पडून थेट हडपसर गाठतो, त्याला इलाज नाही.

खरी पंचाईत प्रेमाची. नायिका सोळाची. “पेशवाईत, पुण्यात, ब्राह्मणाघरची सोळा वर्षांची मुलगी बिनलग्नाची? तिच्या बापाला वाळीत टाकला असता!” बरं, लग्न झालेली म्हणावं तर परक्या मुलाशी बोलणार कशी? तिसरं प्रकरण इथे रुतलं ते रुतलंच.

कोडं सोडवलं नववीतल्या नातीने. हस्तलिखिताची ती एकमेव वाचक. “आजोबा, मग त्या दोघांचं एकमेकांशीच लग्न झालेलं दाखवा ना.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आठव्या वर्षी बोहल्यावर चढलेली मुलगी. आठ वर्षं एका घरात राहून नवऱ्याशी दोन शब्द धड बोललेली नाही, कारण वडीलधाऱ्यांदेखत बोलायची सोय नाही. कागद शोधायच्या निमित्ताने ही दोघं पहिल्यांदा कुजबुजतात. प्रेम चोरून, तेही लग्नाच्या नवऱ्यावर! थट्टा करायला म्हणून मी ते पान हातात घेतलं होतं. पण बाजारातल्या पुष्कळ प्रेमकथांहून ते सरस उतरलंय.

“आणि ती त्याला चिठ्ठी लिहिणार,” काका रंगात आले. “बायकांना लिहिता कुठे यायचं म्हणून कुणी नाक मुरडलंच, तर नारायणरावांच्या आईची, गोपिकाबाईंची पत्रं दाखवीन!” तळटीप तयारच होती.

“चिठ्ठी राहू दे,” नात म्हणाली. “आधी त्याला तिचा हात धरू दे.”

काका विचारात पडले. पंचांग काढलं, तिथी पाहिली.

“धरला असता गं. पण गणपती बसलेत. ती सोवळ्यात असणार.”