बिनअधिकाराची खुर्ची: इंग्लंडात टाऊन कौन्सिलर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

लंडनची घरभाडी झेपेनात म्हणून किंवा तिकडच्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून जी मराठी माणसं इंग्लंडमधल्या आठ-दहा हजार वस्तीच्या गावात जाऊन राहिली, तिथे महाराष्ट्र मंडळ शोधलं तर ते सत्तर मैलांवर निघालं, आणि आता ज्यांची संध्याकाळ जाता जात नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. अशांनी टाऊन कौन्सिलवर जावं. ब्रिज खेळण्यापेक्षा यात अपमान जास्त होतो, पण ओळखीही जास्त होतात.

पात्रतेची चिंता नको. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टावरही उभं राहता येतं. फक्त कायम वास्तव्याचा परवाना हवा आणि वय अठरा पूर्ण हवं. शिवाय मतदार यादीत नाव, किंवा वर्षभर गावात नोकरी-धंदा, किंवा वर्षभर गावात अथवा गावापासून तीन मैलांच्या आत वास्तव्य, यांतलं काहीतरी एक पुरतं. अनामत रक्कम नाही. एक सूचक, एक अनुमोदक, संपलं. चौकात ‘भावी महापौर’ असा फ्लेक्स लावण्याची हौस मात्र आवरा. त्या फ्लेक्सला परवानगी लागते का, यावर पुढच्या दोन सभा खर्ची पडतील.

निवडणूक होईलच असंही धरून चालू नका. पुष्कळ गावांत जागांइतकेही अर्ज येत नाहीत. मग आले ते बिनविरोध, आणि उरलेल्या जागांवर स्वीकृत सदस्य. बिनविरोध निवडून आल्याचं पुण्याला फोन करून जरूर कळवा, कारण सांगू नका. पक्षाचं तिकीट हवंच असंही नाही. सॉमरसेटमधल्या फ्रूम गावात २०११ साली अपक्षांच्या एका गटाने १७ पैकी १० जागा घेतल्या आणि २०१५ साली सगळ्या १७. आपल्याकडे अपक्ष म्हटलं की निकालाच्या रात्री त्याला कुठल्या रिसॉर्टवर नेतात एवढीच उत्सुकता असते; फ्रूमचे अपक्ष सरळ सभेला गेले.

आता अधिकारांची वाटणी समजून घ्या. जिथे जुनी रचना आहे तिथे गावावर तीन कौन्सिलं असतात. काउंटी कौन्सिल रस्ते, शाळा आणि वृद्धांची देखभाल पाहते. डिस्ट्रिक्ट कौन्सिल कचरा उचलते, घरबांधणीला परवानगी देते आणि गाडीतळांचे पैसे घेते. या दोघींनी हात धुतल्यावर जे उरतं ते टाऊन कौन्सिलचं. (काही भागांत वरच्या दोघींची मिळून एकच ‘युनिटरी’ झाली आहे, तिथे टोलवाटोलवीला एक भिडू कमी.) गंमत अशी की लोकांच्या तक्रारी असतात त्या रस्ता, कचरा, पार्किंग आणि नवी घरं यांच्याच. त्या तुमच्याकडे येतात, कारण काउंटीचं ऑफिस तीस मैलांवर आहे आणि तुम्ही को-ऑपमध्ये पावाच्या फळीपाशी सापडता. थोडक्यात, जे हातात नाही त्याबद्दल बोलणी खायची आणि जे हातात आहे त्यावरून एकमेकांत भांडायचं, हे तुमचं काम. माझ्या मते यातला पहिला भाग जास्त उपयोगाचा आहे. गावाला हाकेच्या अंतरावर कुणीतरी लागतंच.

खड्ड्याचं उदाहरण घेऊ. पावाच्या फळीपाशी एक आजी तुम्हाला गाठतात. गल्लीच्या तोंडाशी खड्डा पडलाय, काल त्यांच्या ट्रॉलीचं चाक त्यात गेलं. तुमच्या ओठांवर येतं, ‘ते काउंटीचं काम आहे.’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि म्हणूनच ते कधीही उच्चारू नये. खिशातून वही काढा. फोनमध्ये नोंद केलीत तर आजींना वाटेल तुम्ही मेसेज बघताय. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पट्ट्या घेऊन जा. एक खड्ड्यावर आडवी टाका, दुसरी आत उभी धरा आणि फोटो काढा. अनेक काउंट्या ४० मिलिमीटरपेक्षा उथळ खड्ड्याला खड्डा मानतच नाहीत. तुमचा ३८ भरला तर खचून जाऊ नका. हिवाळा आपल्या बाजूने आहे. भेगेत पाणी शिरतं, गोठून फुगतं, वितळतं, वरून ट्रॅक्टर जातो. जानेवारी संपेपर्यंत तोच खड्डा कायद्याला मान्य होतो. मग काउंटीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि मिळालेला संदर्भ क्रमांक कागदावर लिहून आजींना नेऊन द्या. आपल्या माणसाला क्रमांक दिला तर तो विचारेल, ‘मग बुजवणार कधी?’ इंग्रज आजी तो क्रमांक फ्रिजवर चिकटवतात आणि तुम्हाला चहा देतात.

काही दिवसांनी व्हॅन येते आणि खड्ड्याभोवती रंगाची चौकट मारून निघून जाते. चौकटीसकट खड्डा आणखी काही आठवडे नांदतो. २०१५ मध्ये मँचेस्टरजवळच्या बरी भागात एका अज्ञात कलावंताने खड्ड्यांभोवती अशी काही अश्लील चित्रं रंगवली की, त्याच्या सांगण्याप्रमाणे, ते चटकन बुजवले गेले. कौन्सिलरने हा मार्ग अवलंबू नये. निदान सही करू नये.

जे हातात आहे त्याकडे वळू. १९५७ चा पॅरिश कौन्सिल कायदा (कायद्याच्या लेखी टाऊन कौन्सिल म्हणजे पॅरिश कौन्सिलच) तुम्हाला सार्वजनिक घड्याळ बसवण्याचा आणि रस्त्याकडेला बाकं व निवारे उभारण्याचा अधिकार देतो. लंडनहून निवृत्त होऊन आलेलं जोडपं वर्षाच्या आत लिहून कळवतं की रात्री घड्याळाचे टोले ऐकून झोप येत नाही. टोले बंद केले की उरलेलं गाव कळवतं की आता झोप येत नाही. बाकांचं दुखणं वेगळं. प्रत्येकावर दिवंगताच्या नावाची पितळी पाटी असते. लाकूड कुजतं, पाटी कुजत नाही, आणि ती हातात घेऊन घरच्यांकडे कुणी जायचं यावर सभेत सगळे छताकडे पाहतात. ब्रिटिश टेलिकॉमचे लाल टेलिफोन खोके २००८ पासून एक पौंडात दत्तक मिळतात. ते जरूर घ्या, पण आत पुस्तकं ठेवायची की हृदयाला झटका देणारं यंत्र, हे आधी ठरवा. आम्ही यंत्राच्या बाजूचे.

दफनभूमी तुमच्याकडे असेल तर थडग्यांचे दगड डुलतात का हे ठरावीक काळाने हलवून पाहावं लागतं. डुलणारा दगड आडवा केला की नातेवाईक उभे राहतात.

अलॉटमेंटवर मात्र स्वतंत्र अभ्यास करा. हे भाड्याने मिळणारे भाजीचे तुकडे म्हणजे गावाचा जीव. १९०८ च्या कायद्यानुसार सहा मतदारांनी लेखी मागणी केली तरी कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. रॉडचं मीटर करू या, असं सुचवण्याच्या फंदात नव्या सदस्याने पडू नये. १९५० च्या कायद्याने तिथे कोंबड्या आणि ससे पाळता येतात, कोंबडा नाही. त्यामुळे दर वसंतात एका घरगुती पिल्लाचं लिंगनिदान कौन्सिलकडे येतं. तुम्ही स्वतः तुकडा घेऊन मेथी लावलीत तर पाहणी समिती तण समजून तुम्हाला नोटीस पाठवील. समितीला मेथीचे पराठे खाऊ घालण्याचा मोह टाळा. तो पाहुणचार धरला जाऊ शकतो, आणि पाहुणचाराची नोंद करावी लागते.

आणि इथेच हितसंबंध आडवे येतात. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार ज्या विषयात तुमचा आर्थिक हितसंबंध असेल, तो जाहीर करून चर्चेपासून आणि मतदानापासून दूर राहावं लागतं. मुद्दाम लपवला तर तो गुन्हा आहे. भाड्याचा तुकडाही त्यात धरला जातो. आता हिशेब करा. कौन्सिल बारा जणांचं, गणपूर्ती एक तृतीयांश म्हणजे चार. अलॉटमेंटचं भाडं वाढवण्याचा विषय निघताच तुकडेवाले नऊ जण शिस्तीत उठून बाहेर जातात. आत तिघं. सभा तहकूब. बाहेर थंडीत नऊ जण वाटाण्याच्या वेलांवर चर्चा करतात. यावर तोड म्हणजे सूट मिळण्यासाठी आधी लेखी अर्ज करणं. हे टाऊन क्लार्कला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून क्लार्कबाईंशी सलोख्याने वागा. कौन्सिलर चार वर्षांनी बदलतात. कुठल्या कपाटात कुठल्या बखळीचा १९३० सालचा करार आहे, हे फक्त त्यांना माहीत असतं.

कुत्र्यांचा विषय टाळता येणार नाही. इथला माणूस कुत्र्याची विष्ठा स्वतःच्या हाताने पिशवीत भरतो, पिशवीला नीट गाठ मारतो, आणि मग नवस फेडावा तशी ती झाडाच्या फांदीला टांगून चालू पडतो. या वर्तनाचं स्पष्टीकरण मागू नका. कचरापेटी वाढवा, असं गाव म्हणेल. नवी पेटी बसवायला रस्त्याची मालकीण काउंटी परवानगी देते, ती रिकामी करायला डिस्ट्रिक्ट पैसे घेते, आणि ज्याच्या फाटकासमोर ती बसते तो तुमच्याविरुद्ध पुढची निवडणूक लढवतो. एवढ्यानेच बिनविरोधाची परंपरा मोडते.

सभेविषयी. सूचना तीन पूर्ण दिवस आधी निघते. त्यात सूचनेचा दिवस, सभेचा दिवस आणि रविवार धरायचे नसतात. आपल्या सोसायटीत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली लिफ्टपासून गच्चीवरच्या पापडांपर्यंत सगळे निर्णय होतात. इथे कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय घेणं बेकायदा आहे. त्यामुळे ज्यांना खरोखर काही सांगायचं असतं ते पुढच्या महिन्याची वाट बघतात, आणि तोवर त्यांचा राग जातो. ही फार सुज्ञ तरतूद आहे. दारूचा परवाना असलेल्या जागेत सभा घेता येत नाही. मात्र दुसरी योग्य जागा फुकट किंवा रास्त भाड्यात मिळतच नसेल, तर चालते. म्हणजे १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने पब निषिद्ध नाही, शेवटचा उपाय आहे. ही माहिती जपून वापरा.

कोणाला कशाचा अधिकार आहे, हे सभेत आवाज चढवून विचारू नका. चेशरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची डिसेंबर २०२० ची झूमवरची सभा फेब्रुवारी २०२१ मध्ये साऱ्या जगाने पाहिली. जॅकी वीव्हर या बाहेरून मदतीला आलेल्या बाई. तुम्हाला इथे काही अधिकार नाही, असं अध्यक्ष त्यांच्यावर ओरडले आणि बाईंनी एक बटण दाबून अध्यक्षांनाच सभेबाहेर काढलं. बाई रातोरात प्रसिद्ध झाल्या. मग रीतसर चौकशी बसली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला की काटेकोरपणे पाहता बाईंना तो अधिकार खरोखर नव्हता, पण परिस्थितीच तशी होती. आता सभा पुन्हा प्रत्यक्ष भरतात. बटण गेलं.

छोटा विषय म्हणून गाफील राहू नका. डेव्हनमधल्या बिडफर्डच्या टाऊन कौन्सिलात सभेच्या सुरुवातीला प्रार्थना होत असे. एका माजी सदस्याने आणि नॅशनल सेक्युलर सोसायटीने दावा लावला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये हायकोर्टाने ठरवलं की प्रार्थना कार्यक्रमपत्रिकेचा भाग करण्याचा अधिकार कौन्सिलला १९७२ च्या कायद्यात नाही. त्यावर सरकार धावून आलं आणि २०१५ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. दोन मिनिटांच्या प्रार्थनेला तीन वर्षं लागली. खड्ड्यासाठी संसद अजून एकदाही धावलेली नाही.

पैशाचं एका दमात सांगतो. तुमचा खर्च ‘प्रिसेप्ट’ या नावाने घरपट्टीच्या बिलात एका ओळीत जातो. वसुली वरचं कौन्सिल करतं, शिव्या तुम्हाला. वाढ कधीही टक्क्यांत सांगू नये. ‘अठरा टक्के’ म्हणालात तर पत्रकं निघतात. ‘आठवड्याला वीस पेन्स’ म्हणालात तर लोक विचारतात, एवढ्यात ख्रिसमसचे दिवे येतील का.

घरबांधणीच्या अर्जावर तुमचं मत मागवलं जातं, निर्णय वर होतो. लोक सांगतील की समोरचं दृश्य जाईल, घराची किंमत पडेल. ही कारणं ग्राह्य नसतात. रहदारी, सांडपाणी, वटवाघळं ही असतात. वटवाघळं आहेत का, हे संध्याकाळी जाऊन स्वतः पाहा. गावातल्या प्रत्येकाला तरुणांसाठी परवडणारी घरं हवी आहेत आणि ती शेजारच्या गावात हवी आहेत. आपणही आलो तेव्हा त्या गावाच्या टोकाच्या नव्या वसाहतीतच घर घेतलं होतं, ही गोष्ट भाषणात आणू नका.

यथावकाश तुम्ही महापौर व्हाल; पाळी सगळ्यांची येते. पॅरिशने स्वतःला टाऊन म्हणवून घेण्याचा ठराव केला की अध्यक्षाला ही पदवी मिळते. गळ्यात साखळी येते. ती घालून नोव्हेंबरात युद्धस्मारकाला पुष्पचक्र वाहायचं असतं, भोपळ्यांच्या स्पर्धेचं बक्षीस द्यायचं असतं. फोटो पुण्याला पाठवा. साखळी सोन्याची आहे का, असं विचारतील.

शेवटी एक तातडीची सूचना. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेपासून सरकारने उरलेल्या काउंटी आणि डिस्ट्रिक्ट मोडून मोठ्या युनिटरी करायचं घेतलं आहे. डिस्ट्रिक्ट मिटण्याआधी आपलं सामान वाटून टाकते: मैदान, बाग, आणि सर्वांत प्रेमाने, सार्वजनिक शौचालय. १९३६ च्या कायद्याने शौचालय चालवण्याचा अधिकार आहे, सक्ती नाही, म्हणून ते कुणालाच नको असतं. ‘ऐतिहासिक वारसा आपल्या हाती सुपूर्द करताना’ अशा मायन्याचं पत्र येईल. २०२१ च्या कायद्याने शौचालयाचे बिझनेस रेट्स माफ आहेत, असंही त्यात लिहिलेलं असेल, आणि ते खरं आहे. तरी क्लार्कबाईंना गटाराचा नकाशा मागवायला सांगा, छपरावर माणूस चढवा, आणि किल्ल्या कितीही आग्रहाने पुढे केल्या तरी मधे एक पावसाळी आठवडा जाऊ द्या.