काही होत नाही भो!

काळी-पिवळीच्या प्रत्येक स्टँडवर एक चालक असा असतोच, ज्याची गाडी वळणाआडून दिसायच्या आधी ऐकू येते. खांडबाऱ्यातल्या अशा गृहस्थाला आपण नुसतं भाऊ म्हणू. गाडीच्या कागदांवरही त्याचं नाव नाही, मग इथेच कशाला हवं? त्याच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून जात्यासारखी घरघर येत असते. कोणी विचारलंच, तर भाऊ मान काचेबाहेर काढतो, चालत्या गाडीत क्षणभर डोळे मिटून ऐकतो आणि निर्वाळा देतो, “काही होत नाही भो. ग्रीस कमी झालंय.”

ग्रीस गेल्या दिवाळीपासून कमी आहे.

बेरिंग गेलेली गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हा प्रश्न भाऊला तुमच्याआमच्यासारखा पडत नाही. त्याचं उत्तर शिटा किती भरल्यात यावर ठरतं. गाडी रिकामी असली की तो स्वतःहून कबूल करतो, “बदलायला झालंय.” पाठीमागे माणसं दाटीवाटीने बसली, दोघं मागच्या पायरीवर लटकली आणि टपावर मिरचीची पोती चढली, की तेच बेरिंग एकदम धडधाकट होतं. “वजन पडलं की दबून बसतं ते,” भाऊ सांगतो.

गाडीत जाणकारांचीही कमी नसते. मागून कोणी म्हणतो, टायर ओरडतोय. कोणाला गिअरबॉक्सचा संशय येतो. पुढच्या सीटवरचे निवृत्त गुरुजी मात्र पक्के असतात. “भाऊ, उजवीकडे वळताना आवाज वाढतो बघ. म्हणजे डावंच गेलंय. वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो.”

“बरोबर आहे गुरुजी,” भाऊ आदराने म्हणतो. “म्हणून तर मी डावीकडची वळणं जास्त घेतो.”

खरं म्हणजे वळणाचा हा भार झेलायलाच ते बेरिंग घडवलेलं असतं. जीपच्या पुढच्या हबात आत एक आणि बाहेर एक अशी तिरप्या रोलरची दोन बेरिंगं बसतात. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या बग्ग्या बनवणाऱ्याने १८९८ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. रोलर तिरपे केले की वरून पडणारं वजन आणि वळताना बाजूने बसणारा रेटा, दोन्ही एकाच बेरिंगला सोसतात. टिमकेनच्या हिशेबात पायरीवरची दोन माणसं नसावीत. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेली फरशी तर नसावीच. भाऊ त्या फरशीवरून गाडी घालतो तेव्हा धावून तापलेला हब गार पाण्यात बुडतो, आतली हवा आक्रसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचं ताक होतं, रोलरला गंज धरतो, पृष्ठभागाच्या खपल्या निघतात. मग ती घरघर. भाऊ मात्र पलीकडे पोचल्यावर अभिमानाने सांगतो, “चाक धुऊन निघालं.”

धुळ्याचं भाडं आलं, की विसरवाडीवरून पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. परतीच्या उतारावर ब्रेक तापतो, ब्रेकची आच हबात जाते, ग्रीस पातळ होऊन वाहू लागतं. घाट उतरल्यावर भाऊ चाकावर बाटलीभर पाणी ओततो. फस्स आवाज येतो. शिटा एकमेकांकडे बघतात. “गरम तर माणूसही होतो,” एवढं बोलून तो चहा प्यायला जातो.

गंमत अशी, की भाऊ जिथे शिटांची वाट बघत उभा असतो, तिथून स्टेशन लांब नाही आणि तिथला कारभार अगदी उलटा. उधना-जळगाव मार्गावरची मालगाडी न थांबता धडधडत निघाली, तरी स्टेशनचा माणूस झेंडी घेऊन बाहेर उभा राहतो आणि डब्यामागून डबा न्याहाळतो. चाकाशी धूर, ठिणगी किंवा लालबुंद झालेला भाग दिसला, की रेल्वेच्या भाषेत तो हॉट अ‍ॅक्सल. मग लाल झेंडी, गाडी थांबवायची, डबा कापून बाजूला काढायचा. मागच्या गाड्या खोळंबल्या तर खोळंबल्या. भाऊला हे सगळं ठाऊक आहे, पण पटलेलं नाही. “त्यांचं काय जातं?” तो विचारतो. “कोळसा काय उतरून दुसऱ्या गाडीत बसणार आहे?”

इथे मला भाऊची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. गाडी गॅरेजला लावली, की स्टँडवरचा नंबर जातो, दिवस जातो, मालकाचा हप्ता मात्र जात नाही. त्यात बेरिंग हा भलताच सभ्य भाग. टायर एका झटक्यात फुटतो. बेरिंग आधी गुणगुणतं, मग गुरगुरतं, मग कुरकुरतं, महिनोन्‌महिने सूचना देतं. त्या काळात भाऊ रोज सुखरूप घरी पोचतो आणि त्याचा सिद्धांत रोज नव्याने सिद्ध होतो. नुसत्या भाऊलाच कशाला नावं ठेवा! सीलबंद हबची नवी कोरी मोटार घेऊन पुण्याहून गावी येणारे साहेबही आवाज आला की गाणं मोठं करतातच. भाऊकडे निदान तेवढा चांगला टेप नाही.

त्याला वठणीवर आणतं ते वार्षिक पासिंग. नंदुरबारच्या आरटीओकडे गाडी न्यायची, म्हणून तो एकदाचा मिस्त्रीकडे येतो. मिस्त्री जॅक लावतो, चाक वरून-खालून धरून हलवतो. चाक खडखड डोलतं.

“नुसता आवाज होता तेव्हाच हळूहळू आणायची होती,” मिस्त्री म्हणतो. “आता प्ले आलाय. स्टिअरिंग थरथरत असेल?”

“थोडं. झोप लागत नाही त्यामुळे.”

“अशी गाडी जागची हलवायची नसते, भाऊ. बेरिंग जाम होऊन चाक लॉक होतं, नाहीतर स्टब अ‍ॅक्सल तुटून चाक गाडीच्या पुढे निघून जातं.”

हब उघडतो. पिंजरा फुटलेला, कप-कोनवर खड्डे, रोलर तापून निळे पडलेले. मिस्त्री ते भाऊच्या तळहातावर ठेवतो. भाऊ बराच वेळ एकेक रोलर बोटाने फिरवत बघतो.

“यातले चांगले किती निघतील?”

मिस्त्री उत्तर देत नाही. नवा कप ठोकून बसवतो, तळव्यावर ग्रीस घेऊन रोलरांत दाबून भरतो, नट घट्ट करून जरासा ढिला सोडतो, नवी पिन घालतो. मग पाना उजव्या चाकाकडे दाखवत विचारतो, “हेही खोलू का? तेवढंच चाललंय ते.”

भाऊ उजव्या चाकाला कान लावतो.

“अजून बोलत नाही,” तो म्हणतो. “बोलू तर दे आधी.”