नोकरी सांभाळून समुपदेशक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

पहिली अट मुहूर्ताची. उमेदवाराने मानसशास्त्रातल्या दूरस्थ एम.ए.ला जुलै 2025च्या सत्राआधी प्रवेश घेतलेला असावा. त्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने आरोग्याशी निगडित काही विषयांबरोबर मानसशास्त्रही दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला बंदी केली. माणसाचं मन टपालाने शिकता येत नाही हे वरपर्यंत पटायला बरीच वर्षं गेली. ज्यांची गाडी चुकली त्यांनी पुढचा मजकूर इतिहास म्हणून वाचावा.

आत शिरलेल्यांनी आधी हिशेब करावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, या अभ्यासक्रमाला 64 श्रेयांक, एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे 1920 तास. मुदत कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. तास आणायचे कुठून, हे माहितीपुस्तिका सांगत नाही. अनुभवी लोक ते झोपेतून काढतात, धाडसी लोक ऑफिसातून. पदवी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे संपर्कवर्गात बँकेतले कॅशियर, आयटीला कंटाळलेला इंजिनिअर आणि निवृत्त मुख्याध्यापिका एकाच बाकावर येतात. आपण दुसऱ्यांना मदत करायला आलो आहोत, असं प्रत्येकजण सांगतो. पहिला चहा होईपर्यंत यावर विश्वास ठेवावा.

स्वाध्यायांना 30 टक्के वजन असतं आणि ते हाताने लिहायचे असतात. ताणतणावाच्या व्यवस्थापनावरचा स्वाध्याय शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्रीच लिहावा. विषय आतून कळतो.

प्रात्यक्षिकांना मात्र माणसं लागतात, आणि ती घरातच सापडतात. उदाहरणार्थ टीएटी ही चाचणी, हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी 1935मध्ये मांडलेली. चित्र दाखवायचं, त्यावर गोष्ट सांगायला लावायची. गोष्टीच्या आडून सांगणाऱ्याच्या गरजा डोकावतात. पहिल्याच चित्रात एक मुलगा समोरच्या व्हायोलिनकडे बघत बसला आहे. हे सासूबाईंना दाखवावं. त्या म्हणतील, "क्लासची फी भरून झाली आणि आता हा नुसता बसलाय." मग जरा थांबून, "तुझी भरून झाली ना गं?" या प्रतिसादाचं विश्लेषण करू नये. जर्नलमध्ये 'सिद्धिप्रेरणा तीव्र' एवढं लिहावं आणि पुढच्या चित्राकडे वळावं.

ऑनलाइन तासाला जोड्या पाडून एकाला समुपदेशक आणि दुसऱ्याला अशील करतात. अशिलाने काल्पनिक अडचण सांगायची असते. "माझी एक मैत्रीण आहे, तिच्या जावेचं…" अशी सुरुवात झाली की मैत्रीण कोण ते ओळखावं, आणि ओळखल्याचं दाखवू नये. मेथी निवडत ऐकायचं असल्यास कॅमेरा वर वळवावा.

आता मुख्य विषय. कार्ल रॉजर्सनी 1957च्या लेखात उपचारासाठी सहा अटी घातल्या. त्यातल्या तीन समुपदेशकाला लागू आहेत: खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. सल्ला या यादीत नाही. ज्या घरात पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबरच सल्ला मिळतो, तिथे वाढलेल्या उमेदवाराला हे फार जड जातं. सरावासाठी नवरा वापरावा. तो जेवताना म्हणेल, "आज परत सगळ्यांसमोर झापलं साहेबांनी." अप्रशिक्षित बायको म्हणते, "मग तू बोलत का नाहीस?" प्रशिक्षित उमेदवाराने म्हणावं, "सगळ्यांसमोर झालं, ते जास्त लागलं तुला." आणि गप्प बसावं. तो ताटावरून मान वर करून विचारील, "तुझा आत्ता क्लास चालू आहे का?"

खचू नये. पुन्हा करावं. इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी: कधीकधी हे चालतं. माणूस खरोखरच बोलायला लागतो. साहेबांवरून वडिलांवर येतो, वडिलांवरून बारावीच्या निकालावर, आणि साडेअकरा वाजलेले असतात, आणि उद्या स्वाध्याय द्यायचा असतो. त्या वेळी घड्याळाकडे बघायचं की त्याच्याकडे, यावर पाठ्यपुस्तकात एकही प्रकरण नाही. नातेवाइकांचं समुपदेशन करू नये, असं नीतिनियम सांगतात. ते अशाच कुठल्या तरी रात्रीनंतर लिहिले गेले असावेत.

दुसऱ्या वर्षी 240 तासांची इंटर्नशिप आहे. नोकरदाराच्या शनिवारचे सहा तास धरले तर हे 40 शनिवार झाले. संस्था दारात उभं करताना विचारतात, "अनुभव आहे का?" अनुभव घ्यायलाच आलो, हे उत्तर बरोबर असलं तरी देऊ नये. पहिले काही आठवडे फायली लावायला मिळतील. त्या नीट लावाव्यात, कारण एखाद्या शनिवारी तिथल्या मॅडम रजेवर असतात आणि समोर एक नववीतली मुलगी येऊन बसते. तेव्हा तोंडाशी आलेला सल्ला गिळावा. जेवणाच्या टेबलावरचा सराव इथे कामी येतो.

प्रकल्पासाठी 'नोकरदार स्त्रियांमधील ताण' हा विषय घ्यावा. सगळे तोच घेतात. प्रश्नावली सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की निम्म्या बायका प्रत्येक प्रश्नाला 'सांगता येत नाही' निवडतात आणि सेक्रेटरी पार्किंगचा प्रश्न काढतात.

पदवी मिळाल्यावर दारावरची पाटी जपून रंगवावी. एम.ए. झाल्याने माणूस चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ठरत नाही. त्यासाठीचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी वेगळी. गोळ्या लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञाचं काम. मामा लग्नात "आमची डॉक्टर" अशी ओळख करून देतील, तेव्हा तिथल्या तिथे दुरुस्त करावं आणि मामांचा रागही विनाअट स्वीकारावा.

फीचा आकडा अशील बसायच्या आत सांगावा. चहा टाकल्यावर सांगितला तर दोन तास बोलून उठताना ती म्हणते, "बरं वाटलं गं. पैसे कसले, गप्पाच तर मारल्या."