बॉयलरकाका

बॉयलरकाका कुणाच्या घरी गेले की यजमानांना नमस्कार करण्याआधी रेडिएटरला हात लावतात. आधी वर, मग खाली. वर थंड आणि खाली गरम लागलं तर चेहरा खुलतो. "हवा अडकलीय, बाकी काही नाही." मग हीटिंग बंद करायला लावतात, रेडिएटर निवेपर्यंत चहा घेतात आणि खिशातून छोटी पितळी किल्ली काढतात. फुस्स आवाज होतो, पाण्याचे दोन थेंब येतात, काम फत्ते. उलट, वर गरम आणि खाली थंड असलं तर मात्र आवाज खाली येतो. "तळाला गाळ बसलाय. सगळी सिस्टीम धुवावी लागणार." एवढं सांगून झाल्यावर आठवतं, "बाकी कसे आहात? आई बऱ्या आहेत ना?"

हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ, रेडिंग, जिथे जिथे मराठी माणसाने दुमजली घर घेतलंय तिथे असा एक काका सापडतोच. मूळचा पुण्याचा नाहीतर डोंबिवलीचा. तापवायचं ते आंघोळीचं पाणी, एवढंच लहानपणापासून माहीत. अख्खं घर तापवायचं असतं हे विलायतेत आल्यावर कळलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात बॉयलर बंद पडल्यावर नीटच कळलं. तेव्हापासून काकांनी दुसऱ्या कुठल्या विषयात मन घातलेलं नाही.

किरकोळ अपवाद सोडले तर २००५ पासून इंग्लंडात नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा लागतो. तो धुरातली उष्णतासुद्धा सोडत नाही, काढून घेतो. काहीही वाया जाऊ न देणारं हे यंत्र काकांना फार आवडतं, स्वभाव जुळतो. (काकांच्या स्वतःच्या घरात थर्मोस्टॅट १८ वर असतो आणि काकू दोन स्वेटरांत असतात.) उष्णता गेल्यावर धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते एका नळीतून बाहेर पडतं. ही नळी बारीक असली आणि भिंतीबाहेरून नेली असली, तर कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठतं आणि बॉयलर गुडगुड करून गप्प होतो. मग पहाटे काकांना फोन. काका डोळे न उघडता सांगतात, "नळीवर कोमट पाणी ओत. उकळतं नको."

असा माणूस बॉयलर स्वतःच बसवत असेल, असं कुणालाही वाटेल. स्क्रूड्रायव्हरपासून पाइप कापायच्या कटरपर्यंत सगळी हत्यारं घरात आहेत. पण पाण्याच्या कुठल्याही नळीला बिनदिक्कत हात घालणारे काका गॅसच्या नळीपाशी आले की दोन्ही हात मागे बांधतात. मंडळात कुणीतरी म्हणतंच, "आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे, रोख घेतो, निम्म्यात बसवून देतो." काका एवढंच विचारतात, "कार्ड आहे?"

पैसे घेऊन गॅसचं काम करणाऱ्याची गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलीच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. २००९ पर्यंत ही नोंदणी कॉर्गीकडे होती, आणि काका अजूनही 'कॉर्गीवाला' असंच म्हणतात. कार्डाची पुढची बाजू, फोटो, नंबर, मुदत, सगळेच बघतात. काका कार्ड उलटं करतात, कारण कुठल्या कामासाठी माणूस पात्र आहे ते मागे लिहिलेलं असतं. शेगडी बसवणाऱ्याने बॉयलर बसवलेला त्यांना चालत नाही. मुलीने लग्न परस्पर ठरवलं तेव्हा काकांना पत्रिका बघायला मिळाली नव्हती. ती हौस इथे भागते.

बॉयलर केवढा घ्यायचा यावर तर काका घरमालकाशीच भांडतात. शेजाऱ्याने ३० किलोवॉटचा घेतला म्हणून आपण ४० चा, ही आपली रीत. "बाथरूम एक, माणसं तीन. सत्यनारायणाला येणारे सगळे तुमच्याकडे आंघोळ करून जाणार आहेत का?"

प्रत्यक्ष बसवण्याच्या दिवशी काका न बोलावता हजर. काकू फिटरला आल्याचा चहा देतात आणि काका टेप घेऊन बाहेर जातात. धूर सोडणाऱ्या नळीचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून निदान ३०० मिलिमीटर लांब हवं. फिटरने मोजलेलं असतं, काका पुन्हा मोजतात. जुन्या नळ्या धुतल्या का? चुंबकी फिल्टर बसवला का? गार असताना प्रेशर एक ते दीड बारमध्ये आहे का? मॅन्युअलच्या शेवटी तपासणीचा तक्ता असतो, तो भरून सही झाल्याशिवाय फिटरला जॅकेट मिळत नाही. कौन्सिलला कळवल्याचं सर्टिफिकेट पुढे पोस्टाने येतं. घर विकताना वकील ते मागतो, म्हणून काका ते पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवायला लावतात.

वास्तुशांतीला काका आहेर म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म देतात. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस फ्लू समजून त्याच घरात पांघरूण घेऊन झोपतो. यजमानीणबाई डबा उघडून "अय्या, घड्याळ!" म्हणतात आणि काकांचं व्याख्यान सुरू होतं.

पुण्याला आले तरी सुटका नाही. बहिणीच्या बाथरूममध्ये, आतच, गॅस गीझर. थंडी लागते म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. पाहुणे म्हणून आलेल्या काकांनी तो पुठ्ठा उपटला आणि गीझर बाहेर हलवेपर्यंत आंघोळीला नकार दिला. बहीण दोन दिवस बोलली नाही. गीझर मात्र आता गॅलरीत आहे.

तेव्हा बॉयलरकाकांना जेवायला बोलवायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. बॉयलर बसवायच्या दिवशी जरूर बोलवा. फक्त इंग्लंडातल्या घरात गॅसचा वास आला तर त्यांना फोन करू नका. खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर कळवा. काकाही हेच सांगतील, पण त्याला अर्धा तास लागेल.